माझ्याकडे साक्षच नाही, मग मी ख्रिस्ती कशी?

या वेळी तीन पत्रं घेतलीयत. पहिल्या पत्राला जागा जास्त गेलीय कारण त्याच अर्थाची पत्रं अधूनमधून येतच असतात, आणि ते वाचून मी स्वतः बराच वेळ तशीच बसून राहिले होते. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची. ख्रिस्ती घरातच जन्मले, तान्ही असताना बाप्तिस्मा झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देण्याचा विधी), संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षिसंही मिळवली. घरी होते तोवर मला कधी प्रश्न पडला नाही, मी म्हणजे अमक्या बाईंची मुलगी, क्वायरमधली. आता दोन वर्षं नोकरीसाठी दुसरीकडे राहते आणि तिथल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मला कोणी ओळखत नाही. तिथे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, लोक उभे राहतात, कोणाची दारू सुटलेली असते, कोणी मरणाच्या दारातून परत आलेलं असतं. माझ्याकडे तसलं काहीच नाही. वर्षभरात बायबल वाचून काढायचा प्लॅन चार वेळा घेतला आणि चारही वेळा लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात अडकले. प्रार्थनेला बसलं की दोन मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. खरी ख्रिस्ती असते तर असं झालं असतं का? माझी वाढ थांबलीय की ती कधी सुरूच झाली नव्हती?

उत्तर : अगं, तू आधी वाढ मोजतेस आणि मग त्या मापावरून ठरवतेस की मी प्रभूची आहे की नाही. हा क्रमच उलटा आहे, आणि एकदा तो उलटा झाला की माणूस कितीही धावला तरी दमतोच, कारण रोज सकाळी उठून पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचं असतं.

मत्तयाचा तिसरा अध्याय काढ. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो, तो पाण्यातून वर येतो आणि आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. आता मला सांग, मत्तयाच्या शुभवर्तमानात तोवर येशूने काय केलेलं असतं? एकही आजारी माणूस बरा केलेला नाही, डोंगरावरचं प्रवचन झालेलं नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. लूक सांगतो की तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याच वयाचा बघ. इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यांत न भरता गेलेली, आणि बाप म्हणतो मी संतुष्ट आहे.

आणि लगेच चौथ्या अध्यायात सैतान येतो तो नेमका त्याच शब्दांवर बोट ठेवतो. चाळीस दिवसांच्या उपासाने भूक लागलेली, आणि हा म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर, तू देवाचा पुत्र असशील तर मंदिराच्या शिखरावरून खाली उडी टाक. येशू काहीही सिद्ध करायला जात नाही. तिन्ही वेळा तो जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन सांगतो आणि तिथेच थांबतो. तुझ्या पत्रातलं ‘खरी ख्रिस्ती असते तर’ हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं तेव्हा मला तो रानातलाच आवाज ऐकू आला. तो ‘तर’ तुझ्या बापाचा नाहीये गं.

साक्षीचं म्हणशील तर पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य आठव. पौलाला दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर प्रकाश दिसला, वाणी ऐकू आली, आणि ही गोष्ट ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एकदा नाही तर तीन वेळा येते. तीमथ्याच्या वाटेवर असं काही घडल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. त्याची आजी लोईस, त्याची आई युनीके, त्यांच्याकडून आलेला विश्वास आणि लहानपणापासून माहीत असलेलं पवित्र शास्त्र, एवढीच त्याची कहाणी. आणि दिमिष्कवाला पौल ती दुय्यम मानत नाही, तो त्या दोघींची नावं पत्रात लिहून तीमथ्याला आठवण करून देतो की तुझ्यात जो निष्कपट विश्वास आहे तो कुठून आलाय बघ. विझवायला मोठी आग लागली नाही म्हणून घर कमी आपलं होतं का? तुझ्या मंडळीत साक्ष देणाऱ्यांचा आनंद खराच आहे, तो मनापासून ऐक, पण त्यांची फूटपट्टी स्वतःला लावू नकोस.

आता कोरडेपणाबद्दल. माझी आई गेल्यावर तिचं बायबल माझ्याकडे आलं. मी तेव्हा साधारण तुझ्या वयाची होते आणि माझी पक्की समजूत होती की आईचा विश्वास म्हणजे खडक, तिला कधी प्रार्थना जड गेलीच नसेल. स्तोत्र १३ चं पान उघडलं तर समासात पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या. एक नाही, पाच. अकरा वर्षांत पाच वेळा ती त्याच पानावर परत आली होती. पहिल्या तारखा नीट, गोल अक्षरात, चौथीचं अक्षर हललेलं, आणि पाचव्या ठिकाणी तारीखच नाही, नुसती एक वाकडी रेघ, बहुतेक तेव्हा तिच्याने लिहवत नसावं. त्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? मला कुठवर विसरणार, आपलं मुख कुठवर लपवणार? मी ते पान हातात धरून खूप रडले, कारण आम्हाला झोपवून झाल्यावर ही बाई देवाला हे विचारत होती आणि सकाळी आमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही करत होती. त्या पाच खुणांना मी कोरडेपणा म्हणू की वाढ, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

मार्क ४ मध्ये येशू एक छोटासा दाखला सांगतो, शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी रुजतं, वाढतं, कसं ते त्यालाच कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. रोज उकरून बघितलं तर काय होईल ते तुला मी सांगायला नको. आणि गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ म्हणून पौल जी यादी देतो, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, तिच्यात किती अध्याय वाचले आणि किती मिनिटं प्रार्थना केली हे कुठेच नाहीये. त्यातली बरीचशी फळं तर एकट्या माणसात दिसतच नाहीत, समोर दुसरं कोणीतरी लागतं. तुझ्याबरोबर राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला विचार की गेल्या दोन वर्षांत माझ्यात काय बदललंय. ती धर्माच्या भाषेत बोलणार नाही कदाचित, पण तिचं उत्तर लिहून ठेव.

वर्षाचा प्लॅन सध्या बाजूला ठेव. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीनाच्या वर झाले, एक दिवस चुकला की सहा-सात आणि आठवडा चुकला की मनात नुसता अपराधीपणा. छापील बायबल हातात येण्याआधी जवळजवळ दीड हजार वर्षं ख्रिस्ती माणसं वचन कानांनी ऐकूनच विश्वासात वाढली. तू मार्क घे, १६ अध्याय आहेत, रोज एकच प्रसंग, आणि मोठ्याने वाच. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू दे. रात्री झोपताना दिवस मागे फिरवून बघ, आज मी कुठे देवाच्या जवळ होते, कुठे लांब गेले, कशासाठी आभार मानायचे, कशासाठी क्षमा मागायची. ही सवय इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताची. तो सैनिक होता, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या मनात काय येतं जातं ते तो बघायला शिकला. पाच-दहा मिनिटं पुरतात.

आणि त्या मंडळीत एका तरी व्यक्तीला, पाळकबाई असोत की मागच्या बाकावरच्या आजी, हे सगळं सांग. जे मला लिहिलंस तेच.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. मला येशूमध्ये जे मिळालंय त्याबद्दल शंका नाही. पण मंडळीतले काही जण म्हणतात की आता जुनं सगळं टाक, नावसुद्धा बदल, नाहीतर तू अर्धवटच. नाव आजोबांनी ठेवलंय. मी काय करू?

उत्तर : बाळा, नाव राहू दे. बऱ्याच जणांना वाटतं की शौल ख्रिस्ती झाला आणि त्याचा पौल झाला. पण दिमिष्काची घटना प्रेषितांच्या ९ व्या अध्यायातली, आणि त्यानंतरही त्याला शौलच म्हटलंय, थेट १३ व्या अध्यायात ओझरतं येतं की शौल, ज्याला पौलही म्हणत. दोन्ही नावं त्याचीच, एक यहूदी लोकांत, एक रोमी जगात. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो फिबी नावाच्या बहिणीची शिफारस करतो, हर्मेस नावाच्या भावाला सलाम सांगतो, आणि ही दोन्ही नावं ग्रीक पुराणांतल्या देवतांची आहेत. पौलाला ती खटकलेली दिसत नाहीत.

हाच वाद मोठ्या प्रमाणावर यरुशलेमेत झाला होता, प्रेषितांच्या १५ व्या अध्यायात आहे, की यहूदी नसलेल्यांनी विश्वास ठेवला तर त्यांनी आधी यहूदी व्हायचं का. भरपूर चर्चा झाली आणि प्रेषितांनी ठरवलं की नाही, देवाकडे वळणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशीही त्याने सगळ्यांना एकच भाषा शिकवली नाही, प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. आणि प्रकटीकरण ७ मध्ये राजासनासमोर जो लोकसमुदाय उभा आहे त्यातली राष्ट्रं, वंश, भाषा योहानाला वेगवेगळी ओळखू येतात, म्हणजे तिथेही ती पुसली गेलेली नाहीत.

टाकायचं काय ते इफिसकरांस ४ मध्ये स्पष्ट आहे, लबाडी, चोरी, कडूपणा, मनात धरून ठेवलेला राग. हे आजोबांच्या नावापेक्षा टाकायला किती तरी अवघड. आणि घरच्यांशी भेटणं-बोलणं तोडू नकोस, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा बाप्तिस्म्याने रद्द होत नाही.

प्रश्न : ताई, मी मंडळीत वडील (कारभार पाहणारा एल्डर) म्हणून सेवा करतो, वय ५२. घरी माझी जीभ सुटते. गेल्या रविवारी उपासनेहून आल्यावर मुलाला असं काही बोललो की तो दोन दिवस जेवायला बाहेर आला नाही. दर वेळी पश्चात्ताप करतो, दर वेळी तेच. ‘जो ख्रिस्तामध्ये आहे तो नवी उत्पत्ती’ हे वचन वाचायची लाज वाटते. सेवा सोडून देऊ का?

उत्तर : दादा, सेवेचं नंतर बघू, आधी मुलाच्या दारावर टकटक करा. मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुम्ही पश्चात्ताप देवाजवळ केलात, मुलापर्यंत तो पोचला का? पत्रात तसं दिसलं नाही मला. जे शब्द बोललात तेच शब्द घेऊन माफी मागा, ‘पण तूही’ हे न जोडता.

मग योहान १८ आणि योहान २१ एकापाठोपाठ वाचा. येशूला धरून नेलं त्या रात्री महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशांचा विस्तव केला होता, त्याचा शिष्य पेत्र तिथे शेकत उभा होता आणि त्या रात्री त्याने येशूला तीन वेळा नाकारलं. २१ व्या अध्यायात सरोवराच्या काठी पुन्हा कोळशांचा विस्तव आहे. मूळ ग्रीक नव्या करारात हा शब्द या दोनच ठिकाणी येतो, आणि मला वाटतं योहानाने तो मुद्दाम वापरलाय, कारण तो वास पेत्राच्या नाकात गेल्यावर त्याला काय आठवलं असेल! येशू त्याला पेत्र म्हणत नाही, ‘योहानाच्या पुत्रा शिमोना’ अशी जुन्या नावाने हाक मारतो, आणि तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. ती जागा दुखवल्याशिवाय बरी होणार नव्हती. आणि प्रत्येक उत्तरानंतर प्रभू त्याला मेंढरं सांभाळायला सांगतो.

त्यानंतरही पेत्र चुकला बरं का, अंत्युखिया शहरात माणसांच्या भीतीने यहूदी नसलेल्यांबरोबर जेवायचा थांबला आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर धरलं, गलतीकरांस २ मध्ये आहे. नवी उत्पत्ती म्हणजे आता चूक होणारच नाही असं पौल कुठे म्हणत नाही, तोच रोमकरांस ७ मध्ये लिहितो की जे इच्छितो ते करत नाही आणि ज्याचा द्वेष करतो तेच करतो. फरक इतकाच की पेत्राला पौल होता, तोंडावर सांगणारा. तुम्हाला कोण आहे? पाळकांना किंवा तुमच्याबरोबरच्या एखाद्या वडिलांना हे आजच सांगा, आणि काही महिने सेवेतून बाजूला राहावं की नाही ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा, एकट्याने शरमेपोटी नको. राग कुठून उठतो ते उलगडायला समुपदेशकाची मदत लागली तर जरूर घ्या.

आणि एक, त्या सकाळी सरोवराच्या काठी प्रश्न विचारायच्या आधी येशूने मासे भाजून ठेवले होते आणि सगळ्यांना म्हणाला होता, या, न्याहारी करा. मुलाच्या खोलीत जाताना ताट घेऊन जा, दोघांचं.