आठवी मी होते

पहिल्याच भेटीत मी यादी दिली, आणि तिथंच चुकले.

गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मे-जूनमध्ये बारावी झालेल्या मुलांची आणि पालकांची रीघ असते. ही मुलगी आली ऑगस्टात, धो धो पावसात, वाळपईहून होंडा-उसगावमार्गे येणाऱ्या बसनं, आईबरोबर. घरी तिला बाय म्हणतात. इथं तेवढंच नाव पुरे. ओळख पटेल अशा बाकीच्या गोष्टी मी बदलल्या आहेत. लहानशा कॉलेजात बी.ए.चं दुसरं वर्ष, मेजर राज्यशास्त्र. आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून मार्कशीट काढली, पदरानं पुसली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, "टीचर, हे शिकून पुढं काय होतं?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की उत्तर पाठ झालं आहे. मी सुरू झाले. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी, मिरामारला किंवा मडगावला. एम.ए. करायचं तर ताळगावच्या पठारावर विद्यापीठ, मग प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट. बी.एड. यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, आणि मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र ऐच्छिक घेतलं तर लेखी १७५० गुणांपैकी ५०० त्या विषयाचे. राज्य लोकसेवा आयोग. स्टाफ सिलेक्शन. बाय मान खाली घालून लिहीत होती, "हो टीचर, हो टीचर" करत. दोन पानं भरली. मला वाटलं, झालं काम.

पुढच्या भेटीला ती आलीच नाही. पंधरा दिवसांनी आईचा फोन. "ती रात्रीची रडते. कॉमर्सला बदलून मिळतं का विचारते."

दुसऱ्या भेटीत मी तोंड बंद ठेवलं. आईला बाहेर चहा दिला आणि बायला विचारलं, "वर्गात किती जण आहात?"

"अकरा," ती म्हणाली, आणि एखादा गुन्हा कबूल करावा तसा चेहरा झाला तिचा. मग धरण फुटलं. मैत्रीण पणजीच्या मोठ्या कॉलेजात आहे, तिथं रोज काहीतरी चालू असतं. इथं ग्रंथालयाचं एक कपाट, तेही बऱ्याचदा कुलपात. विषय शिकवणारे सर एकच धरायचे, बाकी तासाला येणारे दर वर्षी बदलतात. चतुर्थीला जमलेले नातेवाईक गणपतीसमोर, फळं-भाज्या टांगलेल्या माटोळीखाली बसून विचारतात, "काय गो, राजकारण शिकून आमदार होणार?" आणि बाबा काहीच बोलत नाहीत, ते सगळ्यात वाईट.

बाबांचा टिप्पर ट्रक होता, खाणीवर. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तो अंगणात उभा राहिला. मध्ये थोडे दिवस चालला. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, आणि त्या वर्षी तो मिळेल त्या भावानं विकला. सरकार, न्यायालय, परवाना, नूतनीकरण हे शब्द त्या घरात जेवताना बोलले जात. राज्यशास्त्र इतकं अंगावर घेतलेलं घर शोधून सापडणार नाही, आणि तिथंच मुलीला विचारतात की याचा उपयोग काय! मी तिला तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भाषण झालं असतं.

त्याऐवजी विचारलं, "अकरा जणांना सर शिकवतात तरी कसे?"

आणि ती पहिल्यांदा हसली.

पक्षांतरबंदीचा तास होता. सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. जुलै २०१९ : गोव्यात काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये. सप्टेंबर २०२२ : ११ पैकी ८. मग वर्गाकडे बघून म्हणाले, तुम्हीही अकराच आहात, चला उठा. आठ जणांना त्यांनी खिडकीकडच्या बाकांवर जायला सांगितलं. पक्ष सोडणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवणारी राज्यघटनेची दहावी अनुसूची आली १९८५ मध्ये. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं, फूट म्हणून पक्की धरली जायची. २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती पळवाट बुजवली, पण दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाची राहिली. त्याला दोन तृतीयांश आमदार लागतात. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक तेहेतीस, आणि माणूस काही तेहेतीस शतांश जात नाही. म्हणजे आठ. २०१९ च्या दहा जणांनी तर पंधरात नेमकी दोन तृतीयांशाची रेघ गाठली होती.

"आठवी मी होते," बाय म्हणाली. "सात जण खिडकीकडे जाऊन बसले. मी उठलेच नाही. सरांना म्हटलं, मी येत नाही."

"मग?"

"मग ते सातही अपात्र! एकानं मला कँटीनमध्ये मिक्स भजी देतो म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं मंत्रिपद. सर फळ्याला टेकून हसत होते. म्हणाले, आता कळलं ना, आठव्याचा भाव सगळ्यात जास्त का असतो?"

विलीनीकरण मूळ पक्षाचं व्हायला हवं की आमदारांची संख्या भरली की पुरे, यावर कोर्टात काय वाद झाला, तेही तिनं सांगितलं. हातवारे करत, निम्मं कोंकणीत निम्मं मराठीत, जेमतेम पाच मिनिटांत. मी बरीच वर्षं वर्तमानपत्र वाचते, पण माझ्याही डोक्यात ते इतकं स्वच्छ नव्हतं.

मी कोरा कागद पुढं सरकवला. "हेच लिही. परीक्षेत लिहितेस तसं."

ती आक्रसली. इंग्रजीत चार ओळी आल्या. गाईडमधल्या, जशाच्या तशा, एका वाक्यात क्रियापदच नाही. खिडकी नाही, आठवी नाही, सात पूर्णांक तेहेतीस नाही. मार्कशीटवरचे चोपन्न कुठून आले ते कळलं.

गाठ ही होती. चौथीपर्यंत गावातली सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्रजी. आपल्याकडे सत्तरी, डिचोली, पेडण्यातल्या हजारो मुलांची हीच वाट आहे. विज्ञानात आकृती आणि सूत्रं हात देतात. राज्यशास्त्रात सगळा खेळ वाक्याचा. ज्याला वाक्य सुचत नाही त्याला वाटतं, आपल्याला विषयच येत नाही. मग तो दोष देतो कॉलेजला, नाहीतर विषयाला, आणि आईबाप विचारतात, पुढं काय? माझ्या दोन पानी यादीनं त्या मुलीला एवढंच सांगितलं होतं की न जमणाऱ्या परीक्षा आणखी किती आहेत.

कॉमर्सचा विषय सेमिस्टर संपेपर्यंत काढायचा नाही, असं ठरलं. गाईड आईच्या कपाटात. एक उत्तर आधी फोनवर बोलून रेकॉर्ड करायचं, मराठीत, कोंकणीत, जसं येईल तसं. मग ते ऐकून इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं लिहायची, एका वाक्यात एकच गोष्ट. आणि कागद सरांना दाखवायचा. इथं लहान कॉलेज कामी आलं. सव्वाशे मुलांच्या वर्गात कुठलाही शिक्षक दर आठवड्याला एकीचं पान तपासणार नाही. अकरांत सरांनी ते केलं, लाल पेनानं, बसस्टॉपवर उभ्या उभ्यासुद्धा. कुलूपबंद कपाटाची भरपाई मात्र सरांनी होत नाही. त्यासाठी महिन्यातून एक शनिवार पणजीचा, पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचा. जाऊन-येऊन दिवस मोडतो, बसभाडं लागतं. लहान कॉलेजची ही किंमत खरी आहे, ती मी गोड करून सांगत नाही.

तिथं तिनं जुनी वर्तमानपत्रं चाळली, जनमत कौलाची. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणाऱ्यांचं फूल, वेगळं राहू म्हणणाऱ्यांची दोन पानं, आणि पानं ३४,०२१ मतांनी पुढं. घरी येऊन आजीला विचारलं तर आजी फणकारली, "फूलच! दुसरं काय?" एवढ्या वर्षांनीही तिला हार पटलेली नव्हती. बायनं ते लिहून काढलं. ते पान मी वाचलंय. त्यात चुका आहेत, पण ते गाईडमधलं नाही.

बाबा एकदाच आले. बसले नाहीत, दारातच उभे राहिले. "टीचर, एकच सांगा. पोटाला लागेल ना?"

मी म्हटलं, नुसत्या बी.ए.वर नाही. आता नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. पण तीन काय नि चार काय, नुसत्या कागदाला कोणी नोकरी देत नाही. वकिली केली तर आणखी तीन वर्षं तुम्हाला तिला पोसावं लागेल. सरकारी नोकरी म्हणाल तर जाहिरातीत कोंकणी आवश्यक आणि मराठी असल्यास बरी, असं असतं. तिला दोन्ही येतात. कॉम्प्युटर आजपासून शिकायला हवा. आणि ओळखीच्या आमदाराच्या दारात जायचा विचार असेल तर तिला विचारून जा, ती ऐकणार नाही.

"नाहीच ऐकणार," ते म्हणाले. "तुम्ही सरळ बोललात ते बरं झालं." टोपी घातली आणि गेले. पटलं की नाही, मला कळलं नाही.

त्या सेमिस्टरला चोपन्नाचे एकसष्ट झाले. फार नाहीत. कॉमर्सचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, वकिलीचंही पक्कं केलेलं नाही. मागच्या महिन्यात सहज येऊन गेली, घरच्या काजूंची पुडी घेऊन. निघताना म्हणाली, "टीचर, बाबा आता टीव्हीवर बातम्या लागल्या की हाक मारतात. कुठल्या तरी राज्यात आमदार फुटलेले असतात. विचारतात, बाय, यांना किती लागतात गो?"

"मग तू काय सांगतेस?"

"मी म्हणते, आधी एकूण किती आहेत ते सांगा."