थकबाकी दुसऱ्या कार्डवर नेताय? आधी जुन्या कार्डचं ठरवा

तुमच्या क्रेडिट कार्डवर 80,000 थकलेत, महिन्याला 3.5 टक्के व्याज लागतंय, वर्षभर ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरूनही आकडा हलत नाही. आता दुसऱ्या बँकेचा फोन आलाय, की बाकी आमच्याकडे आणा, महिन्याला दीड टक्क्याने 12 हप्ते करून देतो. घ्यावं का, असं विचारलंत. घ्या. पण जुनं कार्ड खिशात ठेवणार असाल तर घेऊ नका.

आकडा का हलत नाही ते आधी बघा. 80,000 चे 3.5 टक्के म्हणजे 2,800, त्यावर 18 टक्के जीएसटी 504. झाले 3,304. तुम्ही भरताय 4,000. मुद्दलात जातात जेमतेम 700. त्यात बाकी उरलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज पेट्रोल भरलं तर आजपासूनच व्याज.

महिन्याला 8,000 काढता येतील म्हणालात. जुन्याच कार्डवर तेवढे भरत राहिलात तर फिटायला तेरा-चौदा महिने लागतील, आणि व्याज-जीएसटीचे 25,000 च्या आसपास जातील. नव्या बँकेत हप्ता 7,334 बसतो. वर्षाचं व्याज साधारण 8,000, त्यावरचा जीएसटी 1,440, आणि प्रोसेसिंग फी 2 टक्के धरली तर जीएसटीसकट 1,888. एकूण साडेअकरा हजारांच्या आत. मात्र फोनवरच्या माणसाला हप्त्याचा नेमका आकडा विचारा. 7,867 म्हणाला तर दर फ्लॅट आहे, म्हणजे फिटलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच. दीड टक्का दोन्हीकडे तोच ऐकू येतो, पण व्याज 8,000 वरून 14,400 वर जातं.

आता माझं सांगतो. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. काही वर्षांपूर्वी 62,000 ची बाकी अशीच दुसऱ्या कार्डवर नेली. जुनं कार्ड एकदम रिकामं झालं, सगळं लिमिट मोकळं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले, नवी पेठेत कपडे घेतले, ते त्या कार्डवर. मग आईचं आजारपण आलं, औषधं त्याच कार्डवर. इकडे नव्या कार्डचे हप्ते सुरूच होते. दिवाळीपर्यंत दोन्ही मिळून आकडा लाखाच्या वर गेला. बायकोला सांगितलं नव्हतं. ते सांगायची संध्याकाळ मी अजून विसरलो नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा मला कुणी सांगितली नव्हती. बिल निघाल्यापासून नव्या बँकेचे पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज जुन्या कार्डच्या पुढच्या बिलात येतं. माझं हजार-बाराशेचं आलं होतं. खातं मिटलं असं समजून मी ते बिल उघडलंच नाही. त्यावर लेट फी लागली आणि सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीकडे, थकबाकीची नोंद पडली. म्हणून ट्रान्सफर पूर्ण झाल्याचं कळेपर्यंत मिनिमम भरत राहा, त्यानंतरचं बिल बघा, शेवटचा रुपया भरा आणि मगच कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बाकी शून्य असेल तर 7 कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. जुनं कार्ड बंद केलं की सिबिलचा स्कोअर थोडा घसरू शकतो. घसरू दे. तुम्हाला आत्ता घराचं कर्ज काढायचं नाहीये.

नवं कार्डही खरेदीला वापरू नका. आणि नव्या कार्डचं लिमिट विचारून घ्या. बऱ्याच बँका त्याच्या साधारण पाऊण भागाइतकीच बाकी उचलतात. मग काही रक्कम जुन्यावर राहते, ती आधी संपवा.

कार्डाच्या व्याजाला वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा आहे असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर राहू नका. ग्राहक आयोगाचा तो 2008 चा निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केलाय.

घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण या सगळ्यापेक्षा स्वस्त पडतं. मी शेवटी त्यातूनच सुटलो. पण दागिने ज्यांचे आहेत त्यांना शेजारी बसवून, हा सगळा हिशेब दाखवून, त्या हो म्हणाल्या तरच.