रात्रीचा भुंकल्यासारखा खोकला : क्रुपविषयी पालकांचे प्रश्न

गेल्या काही दिवसांत सोलापूर शहरातून लहान मुलांच्या खोकल्याविषयी बरेच प्रश्न आले. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. दोन दिवस थोडी सर्दी होती. परवा मध्यरात्री तो कुत्रे भुंकावे तसा खोकत उठला. आवाज बसला होता आणि रडताना श्वास आत घेतला की घशातून कर्कश आवाज येत होता. सकाळी मात्र तो खेळू लागला. पुन्हा असे झाल्यास काय करावे? (जुळे सोलापूर)

उत्तर : आपले वर्णन क्रुपशी जुळते. सहा महिने ते तीन वर्षे या वयात तो अधिक आढळतो आणि बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा या विषाणूमुळे होतो. मोठ्या माणसाला याच विषाणूने नुसती सर्दी होते, परंतु लहान मुलात स्वरयंत्राच्या खालची, मुळातच अरुंद असलेली श्वासाची वाट सुजते. तान्ह्या बाळाच्या या वाटेचा व्यास ४ मिलिमीटर धरला आणि आतून सभोवार केवळ १ मिलिमीटर सूज आली, तर हवा जाण्यासाठी एक चतुर्थांश जागा उरते. मूल रडू लागले की ते हवा जोराने ओढते, त्या ओढीने वाट आणखी आक्रसते आणि आवाज वाढतो. म्हणून मुलाला रडू न देणे हाच घरातील सर्वांत महत्त्वाचा उपचार आहे, हे मी आग्रहाने सांगतो.

त्याला उचलून मांडीवर, त्याला बरे वाटेल तसे ताठ बसवा. हळू बोला, घोट घोट पाणी किंवा दूध द्या. चमच्याने जीभ दाबून घसा पाहू नका. मूल शांत झाले की सदरा वर करून उजेडात छातीकडे नीट पाहा. श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जाते का, बरगड्यांमध्ये खड्डे पडतात का, आणि मूल स्वस्थ असतानाही तो कर्कश आवाज येतो का, या तीन गोष्टी खोकला किती मोठा आहे यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातात. यांपैकी एकही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. ओठ निळसर पडणे, लाळ गळत राहणे व गिळता न येणे, किंवा मूल मलूल होऊन प्रतिसाद देईनासे होणे, अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकावर फोन करावा. रात्री मुलांचे डॉक्टर कोठे उपलब्ध असतात, हे दिवसाच विचारून ठेवावे. खोकला बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. तोवर रात्री मुलाला आपल्याजवळच झोपवावे.

प्रश्न : सासूबाई वाफ आणि ओव्याची धुरी द्यायला सांगतात. यजमान म्हणतात, गार हवेत फिरवून आणावे. कोणाचे ऐकू? (विडी घरकुल)

उत्तर : वाफेने क्रुपमध्ये फायदा होत असल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. उकळत्या पाण्याचे पातेले मात्र लवंडते, आणि त्याने भाजलेली मुले आम्ही पाहतो. धुरी तर मुळीच नको, कारण सुजलेल्या श्वासमार्गाला धूर अधिकच चुरचुरतो. सासूबाईंची काळजी खरी आहे. त्यांनी मुलाला कुशीत घेऊन थोपटले, तर त्याचा उपयोग धुरीहून निश्चित जास्त होईल. घरात विड्या वळण्याचे काम होत असल्यास तंबाखूचे सूप मुलाच्या खोलीपासून दूर ठेवावे, आणि घरात कोणी विडी ओढू नये.

गार हवेच्या बाजूने थोडा पुरावा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील अभ्यासात, १० अंश सेल्सिअसहून थंड हवेत अर्धा तास ठेवलेल्या सौम्य ते मध्यम क्रुपच्या मुलांना लवकर आराम पडला. आपल्याकडे ऐन हिवाळ्यातही पारा क्वचितच इतका उतरतो. मुलाला सोलापुरी चादरीत गुंडाळून खिडकीशी किंवा गच्चीवर थोडा वेळ घेऊन बसण्यास हरकत नाही. दुचाकीवरून फिरवणे मात्र टाळावे.

प्रश्न : मागच्या खोकल्याचे सिरप आणि अँटिबायोटिक घरात शिल्लक आहे. ते द्यावे का? (होटगी रस्ता)

उत्तर : दोन्ही देऊ नयेत. क्रुप विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. खोकला-सर्दीची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही सहसा देऊ नयेत, असे केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवले आहे. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी लिहून दिले तितकेच द्यावे. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात, त्यामुळे दर वेळी लेबल वाचून मगच औषध मोजावे.

प्रश्न : डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले. त्याची सवय लागेल का? (अक्कलकोट रस्ता)

उत्तर : नाही. क्रुपमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची बहुधा एकच मात्रा तोंडाने देतात. काही तासांत सूज उतरू लागते. एका मात्रेने सवय लागत नाही. त्रास अधिक असल्यास नेब्युलायझरमधून अॅड्रेनालिन देतात. त्याचा परिणाम साधारण दोन तासांत ओसरतो, म्हणून मूल हसू लागले तरी डॉक्टर त्याला काही तास थांबवून घेतात. तेव्हा घरी नेण्याची घाई करू नये.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलीला सर्दी-ताप काही नव्हता. खाताना अचानक ठसका लागला, आणि तेव्हापासून ती अधूनमधून खोकते. हा क्रुप की डांग्या खोकला? (बाळे)

उत्तर : डांग्या खोकल्यात उबळी येतात आणि तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, क्रुपच्या आधी बहुधा सर्दी असते. आपल्या मुलीच्या बाबतीत मला वेगळीच शंका येते. शेंगा चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे आपल्याकडे घरोघरी मुलांच्या हाती लागतात, आणि असा एखादा दाणा श्वासनलिकेत अडकला की ठसक्यानंतर काही काळ मूल बरे वाटते, पण दाणा आतच राहतो. साध्या एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी शंका मिटत नाही. तिच्या तोंडात बोट घालून चाचपू नका. आजच रुग्णालयात न्या आणि ठसका केव्हा व काय खाताना लागला, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगा.