ताई, इथे चार वाजताच अंधार पडतो

इंग्लंडात नव्याने संसार मांडलेल्या वाचकांचे प्रश्न, आणि २००६ पासून डर्बीत राहणाऱ्या आमच्या लेखिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही ऑक्टोबरात पुण्याहून डर्बीला आलो. नवरा सकाळी साडेसातला जातो, तो सहाला परत येतो. मुलगी तीन वर्षांची आहे. डिसेंबर लागला आणि चार वाजताच अंधार पडायला लागला. आठवडा-आठवडा मी घराबाहेर पडत नाही. सुटीच्या दिवशी नवरा म्हणतो, हवा सुधारली की जाऊ, आणि ट्रेनची तिकिटं कुठे परवडतात? दिवस खायला उठतो. काय करू? (एक वाचक, डर्बी)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मी लालबागहून इथे आले तोही नोव्हेंबरच होता. भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली रेडिएटर होता. त्याला पाय टेकवून मी रस्त्याकडे बघत बसायचे. आमच्या चाळीत दिवसभर दार उघडं असायचं, आणि इथे पोस्टमन सोडला तर दाराशी कोणी फिरकत नव्हतं. म्हणून आधी एकच सांगते, हवा सुधारायची वाट बघू नकोस. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, तोवर हे असंच चालायचं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे डर्बीत सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजायच्या आतच मावळतो. उजेड मिळतो तो जेमतेम साडेसात तासांचा. दहा वाजले की घराबाहेर, हा नेम धर. भांडी, कपडे सगळं अंधार पडल्यावर करता येतं.

मुलीसाठी पडल सूट, म्हणजे अंगभर पावसाळी पोशाख, आणि वेलीज, म्हणजे रबरी बूट घे, पण नवे नको. चॅरिटी शॉपमध्ये दोन-चार पौंडांत मिळतात. मुलांचे पाय भराभर वाढतात, त्यामुळे बूट झिजायच्या आधीच लोक देऊन टाकतात. स्वतःसाठी मात्र चांगलं वॉटरप्रूफ जाकीट घे, त्यात काटकसर करू नकोस. इथल्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

आठवड्यातून एकदा लायब्ररीत जा. लहान मुलांची गाणी-गोष्टींची वेळ ठरलेली असते आणि ती फुकट असते. चर्चच्या हॉलमध्ये टॉडलर ग्रुप भरतो, तिथे पौंड-दोन पौंडांत मुलीला खेळायला मिळतं आणि तुला गरम चहा. धर्म कोणी विचारत नाही. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात उभी होते. एक आजीबाई आल्या, माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, आज टेबलं आवरायला मदत करशील का? त्या टेबलांनी माझं इंग्रजी सुधारलं. सांगितलेलं काम केलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. मूल तीन वर्षांचं झालं की पुढच्या टर्मपासून त्याला नर्सरीचे आठवड्याला १५ तास सरकारी खर्चाने मिळतात, वर्षातले ३८ आठवडे. आईबाप कमावतात का, व्हिसा कुठला, अशी अट या १५ तासांना नाही. त्याहून जास्त तासांचे नियम वेगळे आहेत. जवळच्या नर्सरीत उद्याच जाऊन विचार.

पाऊस अगदीच कोसळत असेल त्या दिवशी म्युझियम ऑफ मेकिंगला जा. डर्वेंट नदीच्या काठावर, जुन्या सिल्क मिलच्या जागी २०२१ मध्ये ते उघडलं. प्रवेश फुकट आहे. आत शिरलं की डोक्यावर विमानाचं अख्खं इंजिन टांगलेलं दिसतं. माझी धाकटी पहिल्यांदा आली तेव्हा त्याच्याखाली जमिनीवर आडवी झाली होती आणि पाती मोजत होती. कोणी तिला उठवलं नाही.

आता सुटीच्या दिवसाचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ट्रेनचं तिकीट लागत नाही. तुम्हा दोघांसाठी टू टुगेदर रेलकार्ड काढा. बरोबर प्रवास केलात की तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर, शनिवार-रविवारी दिवसभर. मग डर्बीहून मॅटलॉकची ट्रेन धरा. अर्ध्या तासात डोंगर सुरू होतात. मॅटलॉक बाथला उतरलात की एका बाजूला नदी, वर चुनखडीचे कडे आणि रस्त्याला लागून चिप्सची दुकानं. व्हिनेगर टाकलेले गरम चिप्स कागदात घेऊन नदीकाठच्या बाकावर बसा. मुलगी बदकांना खाऊ घालायचा हट्ट धरेल. पाव नको, ओट्स न्या.

आणि चालायला शिका. मी हे कळकळीने सांगते, कारण आपली माणसं बागेपुरती जातात आणि परत येतात. शेताच्या कडेला 'पब्लिक फुटपाथ' अशी लाकडी पाटी दिसली की ती वाट तुमचीसुद्धा आहे. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा. वाट शेतातून जात असली तरी ती कायद्याने सर्वांची असते. पहिल्यांदा अशी पाटी बघून आम्ही कुंपणाच्या लाकडी पायऱ्यांशी दहा मिनिटं घुटमळलो. पलीकडे मेंढ्या होत्या, लांब शेतकऱ्याचं घर होतं. आपण कोणाच्या मालकीत शिरतोय असं वाटत होतं. तेवढ्यात शेतकरी ट्रॅक्टरवरून गेला. त्याने हात हलवला आणि ओरडून एवढंच सांगितलं, फाटक लावून घ्या.

हा हक्क लोकांनी झगडून मिळवलेला आहे. आपल्या उत्तरेला किंडर स्काउट नावाचं पठार आहे. तिथली जमीन शिकारीसाठी राखीव होती, सामान्य माणसाला मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो कामगार ठरवून त्या डोंगरावर चढले. त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आठवडाभर गिरणी-कारखान्यात राबणाऱ्या माणसांना रविवारी मोकळ्या हवेत चालायचं होतं, एवढीच त्यांची मागणी. मी गिरणी कामगाराची मुलगी आहे. त्या वाटांवर पाऊल टाकताना मला ते दरवेळी आठवतं.

नवऱ्याला सांग, या रविवारी एक मैल. पुढच्या रविवारी तोच मैल पुन्हा. तेच झाड, तेच वळण. तिसऱ्यांदा मुलगीच पुढे पळून वाट दाखवायला लागते.

प्रश्न : मुलाच्या शाळेने डब्यातली साबुदाण्याची खिचडी परत पाठवली आणि पुन्हा शेंगदाणे देऊ नका असं कळवलं. आमच्याकडे कुटाशिवाय काही होतच नाही. वाईट वाटलं. (एक आई, लेस्टर)

वाईट वाटून घेऊ नका. माझ्या थोरल्याच्या वेळी मलाही फोन आला होता. मी तावातावाने शाळेत गेले. बाईंनी मला बाजूला नेऊन सांगितलं की वर्गातल्या एका मुलीला शेंगदाण्याचा कण जरी लागला तरी तिचा घसा सुजतो आणि श्वास अडतो. तिचं इंजेक्शन कपाटात वरच्या फळीवर ठेवलेलं होतं, तेही त्यांनी दाखवलं. मी डबा घेऊन घरी आले आणि त्या दिवसापासून डब्यात कूट घातलं नाही.

कुटाऐवजी डाळं भाजून त्याची भरड करा, कोशिंबिरीत आणि भरल्या वांग्यात छान लागते. खिचडीत बटाटा आणि ओलं खोबरं वाढवा. तिळाची ॲलर्जीही असते, तेव्हा तिळाची चटणी देण्याआधी शाळेत विचारा. लाडू डाळ्याचे किंवा रव्याचे. शिवाय इंग्लंडात रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) आणि पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण फुकट मिळतं, शाकाहारीही असतं. आठवड्यातून दोन दिवस ते खाऊ द्या, मित्रांच्या टेबलावर बसायला मिळतं.

प्रश्न : गणपतीला कोकणात जायचं म्हणून सप्टेंबरात दहा दिवस शाळा बुडवली तर खरंच दंड होतो का? (एक वाचक, रेडिंग)

होतो. ऑगस्ट २०२४ पासून नियम असा : दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाचा विचार करावाच लागतो. प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे, २१ दिवसांत भरला तर ८० पौंड. नाहीतर २८ दिवसांपर्यंत १६०. आजारपण सांगून निघू नका. मूल शाळेत आल्यावर निरागसपणे समुद्रात डुंबल्याचं सांगतं, आणि खोटं बोलायला आपण त्याला शिकवलेलं असतं. सणाच्या एका दिवसाची रजा रीतसर अर्ज करून मागता येते.

कोकणात मे-जूनची सुटी किंवा ईस्टर गाठा. गणपती इथे घरी बसवा, दीड दिवसाचा. आम्ही शाडूची छोटी मूर्ती आणतो, बादलीत विसर्जन करतो आणि ती माती अंगणातल्या कुंडीत घालतो. इथल्या नदी-कालव्यात मूर्ती सोडू नका. आरतीला चार घरं बोलावली की पुरे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, तुम्हाला तेही फार लांब नाही.

प्रश्न : माझे बाबा मे महिन्यात पहिल्यांदाच येतायत. वय ७२, गुडघे दुखतात. लंडनमध्ये काय काय दाखवावं याची यादी केली, तर ते म्हणाले, मला राजवाडे नकोत. मग त्यांना दाखवू काय? (एक वाचक, नॉटिंगहॅम)

आधी विमा काढ. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या पाहुण्याला इमर्जन्सी विभागातले उपचार फुकट असतात, पण एकदा दाखल करून घेतलं की हॉस्पिटलचं बिल येतं आणि ते पेलवणारं नसतं. गुडघ्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हातातल्या बॅगेत असू दे.

राजवाडे नकोत म्हणाले यात नवल नाही. माझे वडील २०११ च्या जूनमध्ये आले होते. बकिंगहॅम पॅलेससमोर त्यांनी पाच मिनिटं काढली आणि बसायला जागा आहे का विचारलं. ते सूतकताईच्या खात्यात होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. नंतर त्यांनी गिरणीचं नाव घरात फारसं काढलं नाही.

एका सकाळी मी त्यांना मॅटलॉकच्या वाटेवरच्या क्रॉमफर्ड गावाला नेलं. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी इथे उभी केली. जगातल्या कापूस गिरण्यांचं घराणं इथून सुरू होतं. मुंबईत कावसजी दावरांनी पहिली गिरणी काढली ती १८५४ मध्ये. क्रॉमफर्डची इमारत दगडी आहे. रस्त्याकडच्या बाजूला खालच्या मजल्याला खिडक्या नाहीत, किल्ल्यासारखी भिंत. बाबा अंगणात गेले आणि थेट भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. तळवा दगडावर टेकवला. मी त्यांना माहिती सांगत होते की इथे दिवसरात्र काम चालायचं, घंटा झाली की दार बंद व्हायचं, उशिरा आलेल्याची मजुरी जायची, लहान मुलंसुद्धा कामाला होती. ते ऐकत होते की नाही कळेना. मग म्हणाले, "आमचा भोंगा. तोच हा." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या पाळीत झोप येऊ नये म्हणून कोण काय गायचं, तुटलेला धागा जोडताना बोटं कशी फिरायची. त्यांनी हवेत करून दाखवलं, अंगठा आणि पहिलं बोट, एक बारीकशी चुटकी. ७० वर्षांच्या हाताला ते जसंच्या तसं आठवत होतं. आठ वर्षांच्या नातवाने तीच चुटकी करून बघितली, जमली नाही. बाबांनी त्याची बोटं धरून पुन्हा शिकवली.

संध्याकाळी त्यांनी लालबागला मित्राला फोन लावला. आवाज इतका मोठा होता की शेजारी ऐकू गेला असेल.

तुझे बाबा आयुष्यभर काय करत होते, ते तू लिहिलं नाहीस. शेतकरी असतील तर त्यांना पशुबाजार दाखव, रेल्वेत असतील तर यॉर्कचं रेल्वे म्युझियम दाखव, प्रवेश फुकट आहे. शिक्षक असतील तर जवळच्या शाळेच्या फाटकाशी सव्वातीनला नेऊन उभं कर.

क्रॉमफर्ड तुलाही जवळ आहे, डर्बीवरून जायचं. स्टेशनापासून गिरणी दहा मिनिटांवर. अंगणात जायला पैसे पडत नाहीत. समोरच क्रॉमफर्डचा कालवा आहे, १७९४ चा. काठाने सपाट वाट जाते, चढ-उतार नाही, गुडघ्यांना सोसेल. त्यांनी पुढे चालावं, तू मागून चाल. पिशवीत थर्मास आणि दशम्या घे. पाऊस पडून गेला असेल तर कालव्याच्या बाजूची कड निसरडी असते, तिथे हात धर.