खंड्याची शू आणि अण्णांचा बंद झालेला चहा

"मॅडम, आमचा कुत्रा खूप म्हातारा झालाय, आजारी असतो, रात्री झोपू देत नाही, त्याच्यावरून घरात रोज भांडणं. करत राहायचं की डॉक्टरांना सांगून शेवटचं इंजेक्शन द्यायचं, आणि असा विचार मनात येतो म्हणजे आम्ही वाईट माणसं आहोत का?"

मी समुपदेशक, आणि थंडी पडली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच, शब्द थोडे इकडेतिकडे. डिसेंबर-जानेवारीत जास्त, कारण गारठ्यात म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे आखडतात, उठता येत नाही, जिना नको वाटतो. पेपरात रोज निफाडच्या तापमानाचा आकडा यायला लागतो, ६ अंश, ५ अंश, आणि तशा थंडीत रात्री तीनला उठून फरशी पुसायची म्हणजे काय हे ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. तर वाईट माणसं आहात का, याचं उत्तर नाही, दमलेली माणसं आहात. बाकीचं उत्तर एका घरातून सांगते. त्यांची परवानगी घेतलीये, नावं आणि ओळखू येईल असे तपशील बदललेत.

वृषाली जेलरोडला राहते, दुसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा निलेश अंबडला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट असली की अंधारातच घराबाहेर. मुलगी सई चौथीत. सासरे अण्णा अठ्ठ्याहत्तरचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर. सासूबाई जाऊन काही वर्षं झालीत. आणि खंड्या, तेरा वर्षांचा, लॅब आणि गावठी मिक्स, सासूबाईंनीच पिल्लू असताना आणलेला.

वृषाली पहिल्यांदा आली ती खंड्याची फाइल घेऊन, स्वतःबद्दल बोलायच्या आधी मला त्याचे रिपोर्ट दाखवले. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडन्या दमलेल्या. अशा कुत्र्याची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, अंगातलं पाणी बाहेर जात राहतं म्हणून तो सारखं पाणी पितो आणि सारखी शू होते, त्यात मागचे पाय लटपटतात, खाली नेईपर्यंत दम निघत नाही आणि मग हॉलमध्येच. फडकं, फिनेल, बर्फासारखं पाणी, परत झोप लागेपर्यंत डब्याची वेळ. निलेशने यावर उपाय काढला की संध्याकाळी सातनंतर खंड्याचं पाण्याचं भांडं उचलून ओट्याखाली ठेवायचं, पाणीच नाही तर शू कुठून येणार.

हे बऱ्याच घरांत करतात म्हणून इथेच सांगून टाकते. किडनीच्या कुत्र्याचं पाणी बंद करायचं नाही. वरून लॉजिकल वाटतं, पण तो शू करायचा थांबत नाही, फक्त आतून सुकत जातो आणि किडनी अजून बिघडते. त्यांच्या व्हेटनीही, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनीही, नंतर हेच सुनावलं.

मोठं भांडण मात्र गोळीवरून झालं होतं. अण्णांना गुडघ्यासाठी पेनकिलर होती, रोज एक. एका सकाळी त्यांनी ती अर्धी मोडली, तूप लावलेल्या बाजरीच्या भाकरीच्या तुकड्यात दाबली आणि खंड्याला भरवली, असं काही दिवस चाललं. मग खंड्या काळसर ओकला. माणसांच्या पेनकिलर, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, कुत्र्यांना देत नाहीत, पोटात अल्सर होतो आणि किडनीवर घाव बसतो, आणि इथे किडनी आधीच गेलेली. सलाईन, इंजेक्शनं, परत रक्त तपासणं, चांगलंच बिल. निलेश अण्णांना म्हणाला, तुम्हाला कोणी सांगितला होता हा शहाणपणा. आणि त्याच रात्री किचनमध्ये नवरा-बायकोचं झालं, किती दिवस ओढायचं याला, खर्चाला काही लिमिट आहे की नाही, त्याचं वयच झालंय आता. किचन आणि अण्णांची खोली यात भिंत एकच.

वृषाली हे सगळं खंड्याबद्दल आणि निलेशबद्दल सांगत होती आणि बोलता बोलता म्हणाली, "त्यात अण्णांचं पण काहीतरी चाललंय, दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, चारचा चहा पण सोडला, म्हणतात पित्त होतं, परवा बाथरूमपाशी चक्कर आली." आणि परत खंड्याच्या डाएट फूडच्या किमतीवर गेली. मी तिला थांबवलं. खंड्याचं भांडं कधीपासून उचलता? दिवाळी झाल्यावर लगेच. आणि अण्णांचा चहा? ती आठवायला लागली, भाऊबीजेला तर प्यायले होते, मग… आणि तिथेच गप्प झाली. मग रडली, बराच वेळ.

या वयात बऱ्याच पुरुषांना प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला रात्री उठावं लागतं, थंडीत लघवी जास्तच होते. अण्णाही उठत होते, लाइट लावत होते, फ्लश करत होते. आणि या घरात रात्री शू करणाऱ्याचं काय होतं हे ते रोज बघत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरात म्हाताऱ्या जनावराबद्दल जे मोठ्याने बोललं जातं ते घरातलं म्हातारं माणूस स्वतःबद्दल ऐकतं. खर्च, वास, झोपमोड, किती दिवस. तुम्ही कुत्र्याबद्दल बोलत असता हो, शंभर टक्के, पण ऐकणारा वेगळं ऐकतो. आणि फक्त तोच नाही. वृषाली त्यात ऐकत होती की या घरातली घाण ही पुसणार हे गृहीतच आहे. सई काय ऐकत होती ते पुढे सांगते. म्हणून इंजेक्शन द्यायचं का नाही हा प्रश्न घेऊन कोणी आलं की मी आधी विचारते, घरात अजून कोण आहे, आणि ही चर्चा कुठल्या खोलीत होते.

अण्णा आले ते मफलर, मंकीकॅप, हातात छत्री, थंडीत छत्री कशाला ते विचारलं नाही, काठी म्हणून वापरत असावेत आणि काठी म्हणायला लाज वाटत असावी. मला काय झालंय, मी ठीक आहे, यापुढे गाडी जाईना. मग खंड्याला गोळी का दिलीत ते विचारलं, रागावून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणाले, "माझा गुडघा दुखतो तसा त्याचा दुखतो. मला बरं वाटतं त्या गोळीने. त्याला कोण विचारतंय?" आणि उरलेली अर्धी? "ती मी घ्यायचो." म्हणजे दोघांनी मिळून एक. जास्तीची स्ट्रिप आणायला सांगितली नाही कारण मेडिकलच्या बिलावरून आधीच घरात कुरबुर.

पुढच्या वेळी तिघांना एकत्र बसवलं. निलेशला सगळे व्हिलन समजत होते, तोही स्वतःला तसाच समजायला लागला होता. त्याचं म्हणणं होतं की खंड्याला आत्ताच सोडवू आणि सईला सांगू की त्याला पिंपळगावला आत्याच्या मळ्यात पाठवलं. अण्णा पटकन म्हणाले, "मग मलापण पिंपळगावलाच पाठवा, द्राक्षाचा सीझन आहे." आणि स्वतःच हसले. निलेश लाल झाला, काहीतरी उलट बोलणार असं वाटलं, पण बोलला ते भलतंच. आईला शेवटी आयसीयूत आपण नुसतं ओढलं, अण्णा, ती हात धरून नको नको करत होती आणि आपण सह्या करत गेलो, मला परत तसं कोणाचं बघवणार नाही. हे त्याने घरात कधीच काढलं नव्हतं. अण्णा म्हणाले, मला वाटायचं तू खर्चाचं बघतोयस.

यानंतर सगळं गोड झालं असं काही नाही. पण भांडण निदान ज्या गोष्टीचं होतं त्या गोष्टीवर आलं.

मग कामाचं. पाण्याचं भांडं परत, चोवीस तास. हॉलमध्ये जुनी सतरंजी आणि खाली प्लास्टिक, वर धुता येणारे पॅड, कोपऱ्यात गोणपाट म्हणजे पाय सरकत नाहीत. जिन्यावर पोटाखालून टॉवेलची झोळी करून मागचा भाग उचलून धरायचा, ही व्हेटची आयडिया, फार उपयोगी. रात्रीची ड्यूटी वाटून, निलेशची फर्स्ट शिफ्ट नसेल त्या आठवड्यात निलेश. वृषालीला सलग झोप मिळायला लागल्यावर तिचं निम्मं रडणं गेलं, यात माझं काही कौशल्य नाही. आणि एक व्हेटकडूनच कळलेली गोष्ट, द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला अजिबात नाही, त्यानेही किडनी फेल होऊ शकते. आत्याकडून दर सीझनला क्रेट यायचा आणि सई खंड्याला हौसेने भरवायची. आपल्या नाशकात घरोघरी द्राक्षं, पण हे फार कमी लोकांना माहीत असतं.

"कधी सोडवायचं" यासाठी मी त्यांना एक मोजपट्टी दिली, अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी केलेली. सात गोष्टी बघायच्या, दुखणं, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंदी आहे का, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी मार्क, स्थिती जितकी चांगली तितके जास्त, एकूण ३५ च्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. दुखणं मात्र मालकाने अंदाजाने ठरवायचं नाही, व्हेटकडून तपासून घ्यायचं. यांनी मार्क कालनिर्णयवर लिहायला घेतले आणि ते काम सईने स्वतःकडे ओढलं.

सईचं असं की तिला सगळं माहीत होतं. नऊ वर्षांच्या मुलाला मेलेलं परत येत नाही हे कळतं, त्याला मळ्याची गोष्ट सांगितली तर तो विश्वास ठेवल्यासारखं करतो आणि पुढे तुम्हाला विचारणं बंद करतो. तिने आईला एकदाच विचारलेलं, खंड्याने शू केली म्हणून त्याला मारणार का. एवढ्यासाठी तरी मुलांशी खरं बोला, की शू केली म्हणून नाही, आजार बरा होणार नाही आणि दुखतंय म्हणून.

नातेवाईकांचं बोलणं राहिलंच. मुक्या जनावराला कसले पॅड न् कसलं डाएट, माणसांना बघायला वेळ नाही तुम्हाला. कंपनीतल्या एकाने तर सुचवलं, सोडून ये लांब कुठेतरी. सांभाळलेलं जनावर असं उपाशी-तहानलेलं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, तेवढं तरी ऐकवा अशांना. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला समाजात जागाच नसते, सुतक नाही, रजा नाही, भेटायला कोणी येत नाही. घरात मात्र त्या दुःखाला जागा द्या, बाहेरच्यांना पटवत बसू नका.

संक्रांत खंड्याने बऱ्यापैकी काढली, गच्चीत उन्हात पडून पतंग बघत. फेब्रुवारीत खाणं सुटलं, मार्क पंचविसाच्या आसपास आले आणि तिथेच राहिले. व्हेट घरी आले. सईला विचारलं होतं, तिला आधी भेटून मग शेजारी जायचं होतं, तसं केलं. अण्णा शेवटपर्यंत त्याच्या डोक्याशी बसले. निलेश सर्वांत जास्त रडला असं वृषालीने सांगितलं, थोडं आश्चर्याने.

अण्णांना तेव्हाच युरोलॉजिस्टकडे नेलं होतं, प्रोस्टेट वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली. झोपायच्या आधी दोनेक तास पाणी कमी, पण दिवसभर नीट प्यायचं, चारचा चहा परत चालू. त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा लाइट राहतो. पेनकिलर रोज घ्यायची का यावर त्यांचे डॉक्टर आता वेगळा विचार करतायत.

आणि अण्णांनी एका जुन्या डायरीत स्वतःबद्दल लिहून काढलंय, पुढे मोठं आजारपण आलं तर काय करायचं, काय करायचं नाही, आयसीयू हवं का नको, दोन पानं. निलेश म्हणतो त्याच्याने घरी ते वाचवत नाही, म्हणून मार्चअखेरची त्यांची कामं उरकली की माझ्याकडे बसून तिघं वाचणार आहेत.