इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकल्याने भावी शिक्षकांची मूल्यं बदलतात का?

थोडी बदलतात, पण भाषेपेक्षा ती शिकवण्याच्या पद्धतीमुळे जास्त. गटचर्चा, जोडीकाम, शिक्षकालाच प्रश्न विचारणं असल्या तासांतून गेलेला छात्रशिक्षक पुढे स्वतःच्या वर्गातही मुलांना बोलू देतो. निदान तशी शक्यता वाढते. व्याकरण घोकून पास झालेल्याकडून ही अपेक्षा ठेवू नका.

भाषेचा स्वतंत्र परिणामही दिसतो. 2014 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट कोस्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला पुलावरून ढकलायचं का, हा काल्पनिक पेच परकीय भाषेत मांडला की ‘हो’ म्हणणारे वाढतात. परक्या भाषेत भावनेची धार बोथट होते, हे त्याचं एक स्पष्टीकरण. अर्थात, तो निर्णयातला तात्पुरता फरक. त्यावरून मूल्यंच पालटली असं म्हणणं घाईचं ठरेल.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी भर घालणारी आणि वजा करणारी द्वैभाषिकता असा फरक केला होता: पहिलीत नवी भाषा मातृभाषेच्या जोडीला येते, दुसरीत ती मातृभाषेला मागे ढकलते. प्रशिक्षणात मातृभाषेला कमी लेखलं गेलं, तर इंग्रजी येणारा तो हुशार हे समीकरण शिक्षकाच्या डोक्यात पक्कं बसतं आणि अडखळत बोलणाऱ्या मुलाकडे तो त्याच नजरेने बघतो.