आडोसा वेगळा, लपणं वेगळं

"मॅडम, चारचौघांत इन्सुलिन कसं घ्यायचं हो?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने "ऑफिसात डबा खायची वेळ झाली की..." एवढं म्हटलं तरी पुढचं कळतं. वसतिगृहातली मुलं विचारतात, नुकतीच लग्नं झालेल्या मुली विचारतात. पन्नाशीत गोळ्यांवरून इन्सुलिनवर आलेले पुरुष स्वतःचं नाव पुढे करत नाहीत, "आमची ही म्हणत होती" अशी सुरुवात करतात. त्या सगळ्यांसाठी रेवाची गोष्ट सांगते. नाव अर्थातच बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.

रेवा सत्तावीस वर्षांची, एका पतसंस्थेत नोकरीला. अकराव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला, तेव्हापासून इन्सुलिन. डॉक्टरांनी समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं कारण डोस बरोबर, आहार बरोबर आणि तरी दुपारची साखर तीनशेच्या घरात. जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं घ्यायचं इन्सुलिन ही बाई जेवणानंतर तासाभराने, ऑफिसचं स्वच्छतागृह रिकामं झालं की घेत होती. तोवर जेवणाने साखर चढलेली असायची आणि उशिरा घेतलेलं इन्सुलिन संध्याकाळी घरी जाताना काम करायचं. एकदा बसमध्ये घाम फुटला, हात थरथरायला लागले. मोजली तर साखर अठ्ठावन्नपर्यंत उतरलेली. शेजारच्या आजींनी पर्समधून गोड गोळ्या काढून दिल्या म्हणून निभावलं. शिवाय घाईघाईत रोज एकाच जागी टोचल्यामुळे बेंबीच्या डावीकडे सुपारीएवढी गाठ झालेली. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही.

हे सगळं तिला पाठ होतं. माहिती देऊन तिचं काही होणार नव्हतं. पहिल्या दोन भेटींत "लोक काय म्हणतील" याच्याच फेऱ्या मारून झाल्या. मग मी तिसरी भेट दुपारी एकला ठेवली. म्हटलं, डबा घेऊन ये.

"घे की इथेच," मी म्हटलं.

"इथे?"

"दार लावलेलं आहे. तू आणि मी."

तिने इन्सुलिनचं पेन काढलं, नवी सुई लावली, दोन युनिट हवेत सोडून टोकावर थेंब आला का पाहिलं, मग आठावर फिरवलं. हात इतका सराईत की बघत राहावं. आणि मग तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. कपाटाच्या काचेत मला तिचे ओठ हलताना दिसत होते. सुई आत ठेवून दहा आकडे मोजायचे असतात ना, ते.

ती वळली तेव्हा मी विचारलं, "घरी कशी बसतेस?"

"अशीच."

"घरी कोण कोण असतं?"

"आई-बाबा."

"त्यांना माहीत नाहीये वाटतं अजून?"

ती हसली. आणि अर्ध्यात थांबली. बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आई पडदा ओढायची. कुणी आलेलं असलं की. नंतर कुणी नसलं तरी ओढायची."

मला खात्री आहे की त्या दुपारी पाच मिनिटांत जे झालं ते बोलून महिनाभरात झालं नसतं. माणूस काय सांगतो त्यापेक्षा खुर्ची कुठे वळवतो ते मी जास्त बघते, आणि ही सवय मला क्वचितच दगा देते. रेवा ज्यांच्या नजरेला घाबरत होती ते लोक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नव्हतेच. ते सोळा वर्षांपूर्वी तिच्या घरच्या सोफ्यावर चहा पीत बसले होते.

पुढच्या भेटीला आईला बोलावलं. त्या आल्या त्या तयारीनेच. "मॅडम, मुलीची जात. उद्या कुणी स्थळ आणायचं नाही म्हणून झाकलं. माझं काय चुकलं?" चूक कुणाची हे ठरवायला मी बसलेलीच नसते. मी एवढंच विचारलं, "आणि पडद्याआड तिला काय वाटत असेल, असं कधी मनात आलं?" त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तिला बरं वाटत असेल." रेवा म्हणाली, "मला वाटायचं, मी काहीतरी घाण करतेय." दोघी रडल्या. मी चहा सांगितला.

आता मी ज्या वाटेने काम करते ती थोडी आडदांड वाटते लोकांना. ज्याची लाज वाटते ती निरुपद्रवी गोष्ट मुद्दाम, ठरवून, चारचौघांत करायची आणि आकाश कोसळतं का ते पाहायचं, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगायचे. ते स्वतः चाळिशीपासून मधुमेही होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. रेवाने आधी ऑफिसातल्या एका मैत्रिणीसमोर, मग चौघींच्या टेबलावर, अशी सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिने मला मेसेज केला, "कुणी बघितलंच नाही. भेंडीवर चर्चा चालू होती." तिला थोडा अपमानही वाटला असावा!

सगळे असे नसतात. एका सहकाऱ्याने कारल्याचा रस सुचवला, दुसऱ्याने जांभळाच्या बिया. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, ते बंद केलं तर काही दिवसांत, कधी एखाद्या दिवसातही जिवावर बेतू शकतं. पण हे व्याख्यान दर वेळी द्यायची सक्ती तुमच्यावर नाही. आम्ही एक वाक्य बसवलं: "इन्सुलिन आहे, जेवणाआधी लागतं. तुम्ही सुरू करा." शेवटचं 'तुम्ही सुरू करा' महत्त्वाचं. समोरच्याला काहीतरी करायला दिलं की तो बघत बसत नाही.

मग सर्वांनी उघड्यावरच घ्यायचं का? छे. आडोसा घेण्यात काही गैर नाही. पदराआड, ओढणीखाली, टेबलाच्या कडेला, रिकाम्या मीटिंग रूममध्ये, जिथे बरं वाटेल तिथे घ्या. मी एकच कसोटी लावायला सांगते. लोकांमुळे तुमची वेळ, डोस किंवा टोचायची जागा बदलते का? बदलत नसेल तर तो आडोसा. बदलत असेल तर ते लपणं, आणि त्याची किंमत साखरेत मोजावी लागते. स्वच्छतागृहाबद्दल मात्र मी हट्टी आहे. जिथे बसून तुम्ही पोळी खाणार नाही तिथे सुई का टोचून घ्यायची? आणि वापरलेली सुई कागदात गुंडाळून टाकू नका, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा; कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हाताला ती लागते.

रेवाला सर्वांत मोठी धास्ती होती ती चुलत भावाच्या लग्नातल्या पंगतीची. पंगतीत जेवण कधी पोटात जाईल याचा नेम नसतो. पान मांडलं, मीठ-लिंबू आलं, चटणी-कोशिंबीर आली, की 'वदनी कवळ घेता' सुरू होतं, मग हर हर महादेव, आणि तोवर वरण कुठल्या तरी दुसऱ्याच रांगेत. डॉक्टरांशी बोलून तिने ठरवलं की भात-वरण पानात पडल्याशिवाय पेन उघडायचं नाही. साखरेची पुडी पर्समध्ये होतीच.

लग्नानंतर चार दिवसांनी ती आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगायला लागली. भात वाढला गेला, वरण पडलं, तिने पेन काढलं. तेवढ्यात जिलेबीवाला तिच्यासमोर येऊन वाकला. ती गडबडली, हात पदराखाली थिजला. शेजारून आईचा आवाज आला, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा.

"थांबा हो दोन मिनिटं, तिचं इन्सुलिन व्हायचंय."

जिलेबीवाला पुढच्या पानाकडे सरकला.